गाडी चढली नाही

घड्याळजीनं जुनं इंजिन लाकडी घोडीवर बसवून सुरू केलं, आणि सर्व्हेअरच्या मनात पहिला विचार आला तो इथून निघून जाण्याचा. भर सकाळ होती. चार वर्षं खपून बांधलेली त्याची गाडी पलीकडे तयार उभी होती. पंचावन्न वर्षांच्या माणसानं गॅरेजातून पळ काढावा असं त्या आवाजात काहीच नव्हतं. दोन सिलिंडरचं, वाऱ्यावर थंड होणारं, शिवणयंत्राहून जरासंच मोठं ते प्रकरण. पत्र्याच्या पिंपात कुणी वाटाणे घोळवावेत तसं वाजत होतं. घड्याळजी पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. लोकांनी मनगटं मोकळी सोडली तसा तो मोटारींकडे वळला, पण कानाची सवय काही सुटली नाही. आताही हातभर लांब दांडक्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून तो डोळे मिटून उभा होता, शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकणाऱ्या माणसासारखा.

"ऐकताय ना साहेब?"

"काय ऐकू?"

"तेच म्हणतोय. काही नाही. कुठं खडखड नाही, फुसफुस नाही. दोन्ही सिलिंडर सारखे दाबतायत, जुळ्या भावंडांसारखे. मापून बघितलं मी. चव्वेचाळीस वर्षं पडून होतं म्हणून पिस्टन चिकटले होते, तेवढंच. सोडवले, तेल पाजलं, आणि बघा. आतली झीज बघाल तर जेमतेम रुळलेलं इंजिन आहे हो. भंगारात घालायला जीव होईना, म्हणून म्हटलं, जाताना घेऊन जा घरी."

"हे चढलं असतं का?" सर्व्हेअरनं विचारलं. आपण विचारलं हे त्याला विचारून झाल्यावर कळलं.

"कुठं?"

"टेकडीवर. इस्पितळाच्या चढाला. दोन माणसं आणि एक मूल घेऊन."

घड्याळजीनं इंजिन बंद केलं. असा प्रश्न आला की तो यंत्र बंद करायचा. उत्तर द्यायला त्याला शांतता लागायची. "पहिल्यात धरून, मध्ये कुठं थांबवलं नाही तर? चढलं असतं. कण्हत कुंथत, पण चढलं असतं. या गाड्या तिकडे इटलीत काय सपाटीवर चालायच्या होय? डोंगरावरच्या गल्ल्यांतून चार-चार जणांना कोंबून न्यायचे लोक. थांबवलीत तर मात्र मेलात. थांबून पुन्हा चढावर उचलायची ताकद नाही त्या पहिल्या गियरात. का हो, कुणी म्हणालं चढत नाही?"

"नाही, सहज."

माणसं 'सहज' म्हणतात तेव्हा त्यांना किती घाम फुटलेला असतो, हे सर्व्हेअरला ठाऊक होतं. तीस वर्षं तो विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासत होता. गाडी कुठं चेपली, काच कुठल्या बाजूनं फुटली, रस्त्यावर टायरचा ओरखडा किती लांब, यावरून नेमकं काय घडलं ते लिहायचं, आणि गाडीवाला काय सांगतो ते शेजारी लिहायचं. दोन्ही जुळतात असं वर्षातून दोनदा व्हायचं. गाडीवाल्यांचं एकच म्हणणं: ब्रेक लागला नाही. डॉक्टर असो, व्यापारी असो, शाळेची मुख्याध्यापिका असो, ब्रेक लागला नाही. गाडीवर ढकललेलं गाडी नाकारत नाही, हे माणसाला उपजतच कळत असावं. सर्व्हेअर मान डोलवून लिहून घ्यायचा आणि मग खाली वाकून ब्रेक बघायचा. लागलेले असायचे. असल्या हजारभर माणसांना त्यानं खिंडीत गाठलं होतं. आणि घरी, चव्वेचाळीस वर्षं, त्याच्या स्वतःच्या घरात जो अहवाल मान्य होता त्यातही तसंच तीन शब्दांचं कारण लिहिलेलं होतं: गाडी चढली नाही.

जुनं इंजिन त्यानं नेलं नाही. नंतर नेतो म्हणाला. नव्या गाडीत बसला. गाडी नवी म्हणायची ती आतून. बाहेरून ती तीच होती, बाबांनी घेतली तेव्हाची: कुल्फीच्या रंगाची, बुटकी, गोल पाठीची, डोळे वटारलेली. घरात तिला 'डबी' म्हणत. दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागं आणि कडी पुढं. चालत्या गाडीत उघडलं तर वारा दार झडप घालून मागं फेकणार. आतलं मात्र सगळं बदललेलं. अठरा घोड्यांच्या जागी चाळीस. मोठे सिलिंडर, दुहेरी नळ्यांचा कार्बोरेटर, शर्यतीच्या गाड्यांत घालतात तसला कॅमशाफ्ट, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, आखूड कडक स्प्रिंगा, आणि त्याच घराण्यातल्या पुढच्या गाडीचा गियरबॉक्स, ज्याच्यात पहिला गियर चालत्या गाडीतही लोण्यासारखा पडतो. एकेक वस्तू मागवताना घड्याळजी म्हणायचा, "साहेब, शर्यतीत उतरायचंय काय या वयात?" आणि सर्व्हेअर म्हणायचा, छंद आहे. बायकोला छंद म्हणून सांगितलं, कचेरीत छंद म्हणून सांगितलं. छंदापायी माणसं तिकिटं जमवतात, मासे पाळतात, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही. पण प्रत्येक सुटा भाग खोक्यातून काढून हातात तोलताना त्याच्या डोळ्यापुढं एकच दीड मैलाचा चढ असायचा, खाली पंपघर आणि वर इस्पितळाचं फाटक असलेला.

रस्त्यावर गाडी त्याच्या हातात मावेना. पाय जरा टेकला की ती उसळून पुढच्या बसच्या बुडाशी जाऊन भिडायची, मग नव्या ब्रेकांनी अशी जागच्या जागी बसायची की त्याच्या छातीत पट्टा रुतायचा. सिग्नलला लोक काच खाली करून हसायचे, लहान मुलाला बघून हसतात तसे, आणि हिरवा लागल्यावर त्यांचं हसू मागं राहायचं. याचा आनंद व्हायला हवा होता. त्यासाठीच तर चार वर्षं. त्याला मात्र कुणीतरी आपल्या पायाखालची फळी काढून नेल्यासारखं वाटत होतं. आजवर तो त्या फळीवर उभा होता. फळी अशी, की आपण त्या दिवशी काहीही केलं असतं, नसतं केलं, तरी ते अठरा घोड्यांचं खेळणं वर पोचणारच नव्हतं. आपण केलं ते आगाऊपणाचं होतं, मूर्खपणाचं होतं, पण हिशेबात त्याची किंमत शून्य. शून्यानं गुणलं की काहीही शून्यच होतं. घड्याळजीनं दांडकं कानाला लावून त्या शून्याच्या जागी एक मांडला होता, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं होतं की आपण गिऱ्हाइकाला खूश करतोय.

त्याच्या लहानपणी चढावर डबीत एक पद्धत होती. गाडी न थांबवता वजन कमी करायचं. पंपघर मागं पडलं, गाडी धापा टाकू लागली, की बाबा समोर बघतच म्हणायचे, "वजन!" आणि वजन म्हणजे तो. म्हणून तो नेहमी पुढं बसायचा आणि आई मागं. गाडी माणसाच्या चालीवर आलेली असायची. तो दार हळूच उघडायचा, वाऱ्याला न देता दोन्ही हातांनी धरून ठेवायचा, एक पाय रस्त्यावर, दुसरा पाय रस्त्यावर, दार लावायचं, आणि मग गाडीच्या बरोबरीनं पळत वर. कधीकधी तो गाडीच्या आधी पोचायचा. वर फाटकापाशी बाबा गाडी न थांबवताच हळू करायचे आणि तो पुन्हा आत शिरायचा, आई मागून म्हणायची, "आलं बाई माझं वजन." त्याला फार अभिमान होता त्याचा. इतर मुलांच्या वडिलांच्या गाड्या मोठ्या होत्या, पण त्यांना कुणाला गाडी चढवण्यात काही काम नव्हतं. याला होतं. घरात आपल्यामुळं काही अडत नाही असं वाटण्याच्या वयात, आपण उतरल्याशिवाय गाडी चढत नाही हे माहीत असणं ही केवढी मोठी गोष्ट.

आईला दम्याचा त्रास होता. त्या दुपारी तो त्रास नेहमीसारखा नव्हता. मागच्या सीटवर ती आडवी नव्हती, दोन हात पुढच्या सीटच्या पाठीवर टेकून वाकून बसली होती, आणि तिचा श्वास लाकूड कापल्यासारखा येत होता, करवत जाताना एक आवाज, येताना दुसरा. तिची बोटं त्याच्या खांद्याला लागत होती. पंपघर आलं. बाबा काही बोलले नाहीत. गाडीचा वेग अजून बराच होता. त्यानं बाबांकडं बघितलं, बाबांचा जबडा हलत होता. त्याला वाटलं, विसरले. त्याला वाटलं, आईच्या काळजीत विसरले, आणि आपणच आहोत ते वजन, आपण जितक्या लवकर उतरू तितकी ही लवकर पोचेल. त्यानं कडी ओढली. दार त्याच्या हातून गेलं. वाऱ्यानं ते मागं फेकलं, लोखंड पिळल्याचा आवाज झाला, तो रस्त्यावर तळहातांवर पडला, आणि गाडी थांबली.

आठवताना इथं नेहमी तो थबकायचा. दार गेलं आणि गाडी थांबली, की गाडी थांबतच होती आणि तेवढ्यात दार गेलं? कचेरीत बसून तो परक्या माणसांच्या अपघातातले असले अर्धे सेकंद सोडवायचा. हे सुटत नव्हतं. सुटू नये अशीच त्याची सोय होती. पुढचं सगळं स्वच्छ होतं: बाबा ओरडले, "बस आत!" मग पहिला गियर, इंजिनाचा आक्रोश, गाडी वर जायच्याऐवजी हातभर खाली, पुन्हा, पुन्हा, क्लच जळाल्याचा तो करपट वास. त्यानं चाकामागं दगड लावला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पंचवीस मिनिटांनी एक ट्रक आला, आईला दोघांनी उचलून त्याच्या केबिनमध्ये बसवलं, बाबा पायरीवर लटकले, आणि तो खाली राहिला, डबीपाशी. मिटत नसलेलं दार हातानं धरून तो संध्याकाळपर्यंत उभा होता. सोडलं असतं तरी चाललं असतं. गाडी उभीच होती. संध्याकाळी बाबा आणि मामा चालत खाली आले तेव्हा त्यांच्याकडे बघूनच त्याला कळलं. मामानं बहीण नुकतीच गमावलेली, डोळे लाल, तो रस्त्यातच ओरडला, "पण झालं काय दाजी? घर ते इस्पितळ दहा मिनिटांचा रस्ता!" बाबांनी त्याच्या हातातून दार घेतलं, बिजागरीकडं बघितलं, आणि म्हणाले, "गाडी चढली नाही."

मामानं हे वाक्य आयुष्यभर सोडलं नाही. सुरुवातीला तो ते रागानं म्हणायचा: खेळण्यातली गाडी घेतलीत, माझी बहीण घालवलीत. मग राग आटला आणि वाक्याची म्हण झाली. पुढं तर नात्यात कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाचं लग्न मोडलं, की मामा डोळा मारून म्हणायचा, "काय, गाडी चढली नाही वाटतं?" आणि सगळे हसायचे. नंतर आलेल्या सुनांना, जावयांना तर ती कुठून आली हेही ठाऊक नव्हतं. सर्व्हेअरची बायको टाकीत पाणी चढलं नाही की तेच म्हणायची. बाबा ऐकायचे. त्यांनी नंतर कधी कुठलीच गाडी चालवली नाही. डबी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली आणि बाबा पायी हिंडू लागले, ऐंशीपर्यंत पायी हिंडले. बाबांना त्या अर्ध्या सेकंदात काय दिसलं होतं, हे सर्व्हेअरनं त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं की सांगावं लागतं. त्यांना खरंच वाटत असेल की गाडी चढली नाही, तर एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर आपण स्वतःचं ओझं ठेवून गेली चव्वेचाळीस वर्षं मागून चालतोय. आणि त्यांना ठाऊक असेल तर? त्या 'तर'च्या पुढं तो कधी गेला नव्हता.

घरी आला तेव्हा बायको फाटकातच उभी होती.

"आली का सवत? बघू तरी, इतकी वर्षं नुसती ताडपत्रीच बघितली. अगंबाई, एवढीशीच? चार वर्षं हिच्यासाठी रविवार घातलेत तुम्ही? मला वाटलं निदान लांबीला तरी काही असेल."

"आतून बघायची असते ती."

"हो, सगळ्याच सवतींचं म्हणे तसंच असतं. बाबा सकाळपासून बूट घालून बसलेत. तीनदा सांगितलं, उद्या नेतील. ऐकतायत कुठं! दाढीसुद्धा केली. कापलंय हनुवटीला."

बाबा व्हरांड्यात बसले होते. खरंच बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या, हनुवटीवर वर्तमानपत्राचा इवलासा तुकडा चिकटवलेला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस उगाचच लहान दिसत होता. ते गाडीकडे आले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग त्यांनी जे केलं ते सर्व्हेअरनं कामाच्या नजरेनं टिपलं: ते सरळ पलीकडच्या दाराशी गेले, कडी उघडली, दार दोन वेळा हलवून बघितलं आणि वाकून बिजागरी बघितली.

"नवी घातलीस."

"हो. जुनी वाकली होती."

"हं." बाबा आत बसले. "चल."

"आत्ता? जेवून जाऊ की."

"जेवायला पळून जाणार आहे का कुणी? चल."

बायको म्हणाली, "जा हो घेऊन. नाहीतर त्या बुटांवरच झोपतील." आणि ती हसत आत गेली. सर्व्हेअरला वाटलं, हिलाही यावं म्हणावं. मागं कुणीतरी बसलेलं असलं की माणसं बेतानं बोलतात. पण ती गेली होती.

"कुठं जाऊया? तळ्याकडं?"

"टेकडीकडं घे."

वाटेत बाबा खूश होते, निदान तसं दाखवत तरी होते. हे काय, ते काय विचारत होते. डिस्कचे ब्रेक ऐकून त्यांनी भुवया उडवल्या, कार्बोरेटरचं ऐकून म्हणाले, "म्हणजे खाते किती?" खिडकीची काच खाली करून कोपर बाहेर टाकला होता, आणि त्यांचे पांढरे केस वाऱ्यानं उभे राहिले होते. सर्व्हेअर उत्तरं देत होता आणि मनात वाक्य जुळवत होता. बाबा, मला एक सांगायचंय. नको, फार सिनेमातलं. बाबा, त्या दिवशी दार मी. बाबा, घड्याळजी म्हणत होता की. हे बरं होतं, घड्याळजीच्या तोंडून सुरुवात करायची. मग त्याच्या लक्षात आलं की आपण साक्षीदार पुढं करतोय, आणि असं साक्षीदार पुढं करणाऱ्यांच्या नावापुढं तो अहवालात कोणती खूण करतो. पंपघर आलं तेव्हा त्याच्या पाठीवर शर्ट चिकटला होता. पंपघर आता बंद होतं, पण इमारत होती, तिच्या खिडक्यांना विटा भरलेल्या. चढ सुरू झाला. त्यानं तिसरा टाकला. गाडी तिसऱ्यातच चढू लागली, न कुरकुरता, जिना चढणाऱ्या तरुण माणसासारखी, इंजिनाचा एक जाड समाधानी आवाज मागून येत होता, आणि झाडं खाली सरकत होती. इतकं सोपं होतं ते. त्याला कुठंतरी वाटलं होतं की इथं आल्यावर गाडी अडखळेल, निदान श्वास घेईल. तिला चढ आहे हे कळलंच नाही.

"जाते छान," बाबा म्हणाले.

मधल्या वळणावर कडेला खडीचा एक पट्टा होता. सर्व्हेअरनं गाडी त्यावर घेतली आणि थांबवली. हातब्रेक ओढला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"बाबा, जुनं इंजिन ठीक होतं."

"असेल."

"ठीक म्हणजे, ते चढलं असतं. मी दार उघडलं. तुम्ही 'वजन' म्हणाला नव्हता, तरी मी उघडलं. म्हणून गाडी थांबली. गाडीचा काही दोष नव्हता, तुमचाही नव्हता." तो एका दमात बोलला आणि त्याला वाटलं, आता काहीतरी होईल, छातीतलं काहीतरी सुटेल. झालं काहीच नाही. वरून एक बस उतरत होती, ती गेली, तिची धूळ आत आली.

"मी ब्रेक मारला," बाबा म्हणाले. "दार गेलं तसा मी ब्रेक मारला. तू चाकाखाली गेलास असं वाटलं मला. कुणीही मारला असता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या शेजारी उघडलं की दार. आंधळा होतो का मी?"

"मग मामाला तसं का सांगितलंत?"

"काय सांगायचं? समोर तू उभा. तळहात सोलवटलेले. अकरा वर्षांचं पोर, आई गेलेली. तिथं तुझ्या मामाला सांगू की यानं दार उघडलं? गाडीवर घातलं. गाडीचं काय जातंय?" ते थोडं हसले. "माझंही फारसं गेलं नाही. तो बोलायचा, मी ऐकायचो. माणसाला राग ठेवायला जागा लागते कुठंतरी."

सर्व्हेअरचे डोळे भरून आले. हे त्यानं कधी कल्पनेतही घेतलं नव्हतं, इतकं स्वस्तात सुटणं. त्यानं बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा हाडकुळा होता आणि अजिबात हलला नाही.

"त्या पोराचं मी कधीच काही मनात धरलं नाही," बाबा म्हणाले. आता ते त्याच्याकडे वळले होते. "तू मोठा झालास. मला वाटायचं, आज ना उद्या म्हणेल. मला म्हणायची गरज नव्हती. मामाला म्हणाला असतास तरी चाललं असतं, एकदा, की मामा पुरे आता. वीस वर्षांचा झालास, म्हटलं लाजतो. तिशीत म्हटलं नवीन संसार आहे. मग मी सोडून दिलं. पण मामाच्या पंच्याहत्तरीला आठवतं? मोठं टेबल होतं, तुझे सासरेसुद्धा होते. मी भाजीचं भांडं उचलायला गेलो तर मामा म्हणाला, दाजींच्या हातात देऊ नका कुणी, अर्ध्या वाटेत सोडतील. सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. आणि मी तुझ्याकडे बघितलं."

सर्व्हेअरनं हात काढून घेतला.

"तू हसत होतास. गप्प बसणं मी समजू शकतो. तू पन्नाशीचा होतास, आणि सगळ्यांत मोठ्यानं तू हसत होतास. पाच वर्षं झाली. मामाही गेला. मला तेवढंच कळत नाहीये. का?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. समोरच्या माणसाला प्रश्न विचारून त्याचं उत्तर येईपर्यंत कागदाकडं बघत बसायची सर्व्हेअरची स्वतःची सवय होती. पहिलं उत्तर खोटं असतं, थांबलं की दुसरं येतं. बाबा तसेच थांबले होते. त्यांना घाई नव्हती. पहिलं उत्तर आलंच: मामाचं वय झालं होतं, उगाच त्याचा रसभंग नको. तोंडापर्यंत आलं. दुसरं आलं: मला ऐकूच नीट आलं नव्हतं. हजारभर लोकांच्या तोंडून ऐकलेली ही उत्तरं, त्यांचा वाससुद्धा त्याला ओळखीचा होता. मग ते टेबल त्याला दिसलं. पांढरी चादर, बाबांचा भांड्याकडे गेलेला हात हवेतच थांबलेला, सगळ्यांच्या माना त्या हाताकडे वळलेल्या, आणि स्वतःच्या पोटात उठलेली ती ऊब. आपण हसलो ते आठवत नव्हतं. ऊब आठवत होती.

"बरं वाटलं होतं, बाबा," तो म्हणाला. "सगळे तुमच्याकडे बघत होते."

बाबांनी हे ऐकून घेतलं. त्यांनी काच वर केली, अगदी शेवटपर्यंत, आणि समोर रस्त्याकडे तोंड केलं. हनुवटीवरचा कागद कधीच उडून गेला होता, तिथं पुन्हा थोडं ओलं झालं होतं.

"घरी चल," ते म्हणाले.

सर्व्हेअरनं किल्ली फिरवली. क्लच घाईनं सोडला. गाडीनं एक उडी मारली आणि ती बंद पडली. चाळीस घोडे, नवा क्लच, नवा गियरबॉक्स, सगळं असून. त्यानं पुन्हा सुरू केली. मागून येणारी एक गाडी भोंगा वाजवून बाजूनं निघून गेली. खडीच्या पट्ट्यावर वळवण्याइतकी रुंदी नव्हती, रस्त्यावर तर नव्हतीच. वळायला जागा वर होती, इस्पितळाच्या फाटकाशी. तिथवर दोघांना जावं लागणार होतं.